लेकरांची कानटोपी घरीच शिवा

दिवाळी सरते. भाताची सोंगणी उरकते. मग अकोले तालुक्याच्या डांगाणात थंडी उतरते. बारी, घाटघर, रतनवाडी, पाचनई ही गावे सह्याद्रीच्या कुशीत आहेत. उंचावर हवा गार असते. हजार फूट वर चढले, की हवा सुमारे २ अंशांनी गार होते. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच. सगळ्या महाराष्ट्रात तिच्याहून उंच शिखर नाही. मग तिच्या आसपासच्या गावांत थंडी बोचणार, यात नवल ते काय?

मोठी माणसे घोंगडी पांघरतात. शेकोटी करतात. लेकराने काय करावे? त्याचे अंग लहान असते. अंगाच्या मानाने डोके मोठे असते. उघड्या डोक्यातून त्याची ऊब भराभर निघून जाते.

तान्ह्या बाळाला तर थंडी फार वाईट. मोठे मूल गारठले तर रडते, आईला सांगते. तान्हे बाळ फार गारठले, की रडतही नाही. गप्प पडून राहते. अंगावर नीट पीत नाही. आईला वाटते, शांत झोपलेय. पण ती शांतता बरी नव्हे. म्हणून बाळाचे डोके, हात आणि पाय झाकले पाहिजेत.

आपल्या आज्या हे जाणत होत्या. बाळ जन्मले, की त्या जुन्या लुगड्याचे दुपटे करीत. झबले शिवीत. टोपरे शिवीत. डोक्यावरून पाठीवर उतरणारी कुंची शिवीत. हे सारे हातानेच होई. आपणही ते करू शकतो.

ऊब कशी टिकते?

कापड स्वतः गरम नसते, बरं का. गरम असते ते आपले अंग. अंगाने तापलेली हवा कापडाच्या केसांत अडकून राहते. तीच आपली ऊब. कोंबडी पेंढ्यात बसते ती यासाठीच. गोधडीला थरावर थर असतात तेही यासाठीच. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. दोहोंच्या मध्ये हवा राहते.

कपडा ओला झाला, की हवेच्या जागी पाणी शिरते. मग ऊब जाते. म्हणून ओले टोपरे, ओले दुपटे लगेच बदलावे.

कोणते कापड घ्यावे?

घोंगडीची लोकर उबदार खरी, पण ती लेकराच्या कातडीला टोचते. तिला आतून जुने मऊ सुती कापड लावावे.

जुना लोकरी स्वेटर चांगला. मात्र विणलेला स्वेटर कापला, की टाके उसवतात. म्हणून आधी खुणेच्या आतून दोन टिपा घालाव्या आणि मगच कातर लावावी.

बाजारात आता एक मऊ, केसाळ कापड मिळते. दुकानदार त्याला फ्लीस म्हणतात. हलक्या ब्लँकेटांतही ते असते. अमेरिकेतील माल्डन मिल्स या गिरणीने १९७९ साली हे कापड आणले. ते मेंढीच्या लोकरीचे नसते. त्याचा धागा पॉलिस्टरचा, म्हणजे एका तऱ्हेच्या प्लॅस्टिकचा असतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वितळवूनही तो काढतात. हे कापड हलके असते. लवकर वाळते. कापले तरी कडेचे दोरे सुटत नाहीत. नवशिक्या हातालाही ते जमते.

पण त्यात दोन उणिवा आहेत. एक, त्यातून वारा आरपार जातो. म्हणून बाहेरून घट्ट विणीच्या सुती कापडाचा थर द्यावा. दुसरी उणीव विस्तवाची. ती पुढे सांगतो.

माप घ्या

घरात टेप नसेल तर दोरा घ्या. तो मुलाच्या शाळेच्या फूटपट्टीवर मोजा. १२ इंच म्हणजे १ फूट, सुमारे ३० सेंटीमीटर.

पहिले माप डोक्याच्या घेराचे. वर्षाच्या मुलाचा घेर साधारण १८ इंच असतो. पाच वर्षांच्या मुलाचा सुमारे २० इंच. दुसरे माप एका कानाखालून, टाळूवरून, दुसऱ्या कानाखालपर्यंत. ही मापे वहीत लिहून ठेवा. लेकराचे नाव लिहा. वय लिहा. आता लिहिता येते ना? मग पुढच्या वर्षी वही उघडून पाहा. लेकरू किती वाढले तेही कळेल.

कानटोपी

हे माप वर्षाच्या मुलाचे आहे. १४ इंच लांब आणि साडेसात इंच रुंद तुकडा कापा. कापण्याआधी कापड ओढून पाहा. ते एका अंगाने जास्त ताणते. ते अंग रुंदीकडे ठेवा. म्हणजे टोपी डोक्याभोवती सैल होते आणि पुन्हा बसते.

आता तुकड्याची लांबी मधोमध दुमडा. उलटी बाजू बाहेर ठेवा. दुमड वर आली, ती टाळू. एक उभी कड चेहऱ्याकडे राहील. दुसरी उभी कड मागे जाईल. मागची कड अर्धा इंच आत शिवा. वरचा मागचा कोपरा गोल शिवा, म्हणजे टोपीला शेंडी राहत नाही.

आधी धावदोरा घालावा. टोपी लेकराच्या डोक्यावर घालून पाहावी. नीट बसली तर उलटी टीप घालावी. उलटी टीप म्हणजे काय? सुई एक टाका पुढे काढायची, मग मागे येऊन टोचायची. ही शिलाई पक्की असते, ओढली तरी लवकर उसवत नाही. शेवटी चेहऱ्याकडची कड एक इंच आत दुमडून शिवा आणि टोपी उलटवा.

कुंची हवी असेल तर मागे, मानेच्या कडेला, आणखी एक चौकोनी तुकडा जोडा. तो पाठीवर उतरू द्या. वारा मानेतून शिरत नाही.

हातमोजे

मोठ्या माणसाच्या जुन्या स्वेटरची बाही घ्या. मनगटाकडची पट्टी आयतीच घट्ट असते. पट्टीपासून चार-पाच इंचांवर टीप घाला आणि टिपेच्या पलीकडे कापा. लहान बाळाला अंगठा वेगळा लागत नाही. मोजा तयार झाला.

मोजा घालण्याआधी दर वेळी उलटून पाहा. आत सुटा दोरा असला तर कापून टाका. तो दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळतो. रक्त अडते आणि बोट सुजते. बाळ रडते, पण का रडते ते कोणाला कळत नाही.

एवढे सांभाळा

टोपीला लांब नाड्या लावू नयेत. नाडी गळ्याभोवती आवळते. हनुवटीखाली एक इंच रुंदीची आखूड पट्टी लावावी आणि तिला टिचबटण लावावे. ओढले की ते सुटते. मात्र बटण कापडाला पक्के शिवा. सुटे बटण लेकरू तोंडात घालते.

मोठ्या मुलांना लांब मफलर नको. तो सायकलच्या चाकात अडकतो. त्याऐवजी २२ इंच लांब आणि ७ इंच रुंद पट्टीची टोके जोडा. गळ्यात घालायचे गोल कडे होते. त्याला लोंबणारे टोक नसते.

आता विस्तवाचे. फ्लीस जळताना वितळते आणि कातडीला चिकटते. ठिणगी उडाली तरी पुरे. असे कपडे घातलेले लेकरू चुलीजवळ, शेकोटीजवळ बसवू नका. कुठलेही कापड विस्तवाला भितेच, पण हे जास्त घात करते.

लेकरू भाजलेच तर भाजल्या जागी २० मिनिटे साधे पाणी ओता. बाकीचे अंग मात्र गार पडू देऊ नका. चिकटलेले कापड ओढू नका. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. १०८ नंबरला फोन करा आणि दवाखान्यात न्या.

फार गुंडाळणेही बरे नाही. मानेमागे हात घालून पाहा. घाम असेल तर एक कपडा काढा. झोपेत टोपी किंवा गोधडी बाळाच्या नाकातोंडावर येता कामा नये.

बाळ गारठले का, कसे ओळखावे?

आपला हात आधी कोरडा आणि कोमट करा. मग बाळाचे पाऊल आणि पोट चाचपा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पाऊल गार आणि पोट कोमट असेल, तर बाळाला थंडी वाजते आहे. पाऊल आणि पोट दोन्ही गार असतील तर वेळ घालवू नका. आशाताईला हाक मारा. दवाखाना गाठा.

वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा. वरून दोघांना मिळून पांघरूण घाला. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तेथे बोगोटा शहरातील एका इस्पितळात १९७८ च्या सुमारास कमी वजनाच्या बाळांसाठी ही रीत सुरू झाली. बाळाला ऊब द्यायच्या पेट्या तेथे कमी पडत होत्या. आज जगभरचे डॉक्टर हीच रीत शिकवतात. आई दमली तर बापाने बाळ छातीशी धरावे. त्याची छातीही तितकीच उबदार असते.

शिवणाचेही तसेच आहे. ते काही एकट्या बायांचे काम नाही. गावचा शिंपी पुरुषच असतो की!

तेव्हा आज रात्री ट्रंक उघडा. जुने स्वेटर, फाटकी शाल, ब्लँकेटचा तुकडा काढा. बचतगटाच्या बैठकीला येताना सुई, दोरा आणि कातर घेऊन या. एकीने कापावे, दुसरीने शिवावे. ज्या घरी तान्हे बाळ आहे, त्या घरची टोपी आधी करा.