ओढ्याकाठचे गोदाम आणि शेजारची भिंत

कापडाच्या धंद्यात सणाचा मोसम आला की गाठी ठेवायला दुकान पुरत नाही. म्हणून आम्ही माढ्यात ओढ्याकाठी जागा घेतली. स्वस्त मिळाली यातच आम्ही खूश होतो. स्वस्त का मिळाली, हे पाया खोदताना कळले.

मुकादमाने शेजारच्या माळवदी घराला लागून एका दिवसात सगळा चर खोदला आणि पंपाने पाणी उपसायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी त्या घराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. घरातल्या आजी येऊन म्हणाल्या, "भाई, तुमचं गोदाम उठंल, पण माझी भिंत बसंल की." आम्ही काम थांबवले.

आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगड आणि मध्ये माती-गोटे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. तोवर तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याचा होता. २००२ च्या नकाशात आपले सोलापूरही तिसऱ्या पट्ट्यात आले.

पाण्याकाठची माती दोन तऱ्हांनी दगा देते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सैल, ओली वाळू मात्र भूकंपाच्या हादऱ्याने पातळ होते. २००१ च्या भूकंपात कांडला बंदरातील मनोऱ्याची इमारत खोल खांबांवर असूनही कलली. अहमदाबादच्या पेठांत आमची खरेदी असते. तिथे तर भूकंपाचे केंद्र दोनशे किलोमीटरहून दूर असताना बहुमजली इमारती पडल्या.

सोलापूरहून इंजिनिअर आणले. त्यांनी आधी खड्डे घेऊन पाहिले. सात फूट काळी माती, खाली मुरूम. वाळू नव्हती, हे आमचे नशीब. मुरूम फार खोल असता तर तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब घालावे लागले असते. ते यंत्राने ठोकून नव्हे, भोक पाडून भरायचे, नाहीतर हादऱ्याने शेजारचे घर जाते.

उपसा बंद झाला. भिंतीला लाकडी टेकू दिले. चर बुजवून आमची भिंत तीन फूट मागे घेतली. जागा गेली याचे वाईट वाटले, पण दोन इमारती चिकटून असल्या तर भूकंपात एकमेकींवर आदळतात, हेही खरे. मग चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक, मुरमापर्यंत खोदून भरले. वर सळईचा पट्टा चारी बाजूंनी फिरवला. जोत्यात काळी माती न घालता मुरूमच घातला. खर्च अंदाजाच्या सव्वापट झाला.

आजींच्या भिंतीला आरपार भोके पाडून, सळई घालून काँक्रीट भरले. किल्लारीनंतरच्या दुरुस्त्यांत हीच रीत वापरली होती. तो खर्च आम्हीच दिला. आमच्या पत्र्याचे पाणी त्यांच्या बाजूला पडत होते, ती पन्हळही वळवली. आजी अजून दर पावसात ती भेग बघायला आम्हाला बोलावतात.