कंबरदुखी : औषध किती, विश्रांती किती?

कंबर धरली की अंथरूण धरावे, हा समज घरोघरी रूढ आहे. पण तो हितावह नाही. तीव्र वेदनेत एकदोन दिवसांची विश्रांती पुरे. अधिक पडून राहिल्यास स्नायू दुर्बळ होतात व दुखणे लांबते. आयबुप्रोफेनसारखी दाहशामक औषधे अल्पकाळ उपयोगी पडतात. परंतु जठरव्रण वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली व्यायामाची शिफारस केली. कमरपट्टा, वजने लावून ताण देणे व अफूवर्गीय औषधे यांचा नित्य वापर टाळावा, असेही सांगितले. मात्र पायांतील शक्ती जाऊ लागली, जांघांत बधिरता आली किंवा लघवी अडली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा वेळी तातडीची शस्त्रक्रियाच कायमचे अपंगत्व टाळू शकते.