मॅक्रो छायाचित्रणातील फ्लॅश

मॅक्रो छायाचित्रणातील फ्लॅश हा कीटक, कोळी, फुलांचे अवयव, नाणी, दात यांसारख्या लहान विषयांचे अगदी जवळून छायाचित्र घेताना वापरला जाणारा क्षणिक कृत्रिम प्रकाशस्रोत होय. विषयाची संवेदकावर पडणारी प्रतिमा विषयाच्या प्रत्यक्ष आकाराएवढी किंवा त्याहून मोठी असेल, म्हणजेच विवर्धन १:१ किंवा अधिक असेल, तर त्या छायाचित्रणास काटेकोर अर्थाने मॅक्रो म्हणतात. व्यवहारात १:२ पर्यंतच्या चित्रांनाही हेच नाव दिले जाते. या छायाचित्रणासाठी फ्लॅश निवडताना त्याच्या ताकदीपेक्षा त्याचा प्रकाश विषयावर कोणत्या दिशेने आणि किती मोठ्या पृष्ठभागावरून पडतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते. नवशिक्यांचा खर्च वाया जातो तो बहुधा हा क्रम उलटा धरल्यामुळे.

फ्लॅशची गरज का भासते

विषय जितका जवळ, तितकी चित्रातील स्पष्टतेची खोली कमी. ३६ × २४ मिमी संवेदकाचा कॅमेरा, १:१ विवर्धन आणि एफ/११ हे छिद्र घेतले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १.३ मिमी एवढाच असतो. विवर्धन २:१ केले की तो अर्ध्या मिलिमीटरवर येतो. उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे डोळे स्पष्ट यावेत आणि पायही अगदीच पुसट होऊ नयेत, असे वाटत असेल तर छिद्र लहान करणे भाग पडते आणि मग प्रकाश अपुरा पडतो.

त्यात आणखी एक भर पडते. भिंग पुढे सरकवून विवर्धन वाढवले की संवेदकापर्यंत पोहोचणारा प्रकाश घटतो. परिणामी छिद्रांक हा लिहिलेल्या छिद्रांकास (१ + विवर्धन) या संख्येने गुणल्यास मिळतो. म्हणून १:१ विवर्धनावर एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ प्रमाणे वागते, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश उरतो. छिद्र याहून फार लहान केले तर विवर्तनामुळे चित्राची धार बोथट होते. त्यामुळे एफ/८ ते एफ/१६ या मर्यादेत राहून उरलेला प्रकाश बाहेरून पुरवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

तिसरे कारण हालचालीचे आहे. हातात धरलेला कॅमेरा सेकंदाला ५ मिमी एवढाच हलला असे मानले, तरी १:१ विवर्धनावर १/२०० सेकंदात प्रतिमा ०.०२५ मिमी सरकते. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या संवेदकावर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिमी असतो, म्हणजे चित्र चार पिक्सेलने पुसले जाते. फ्लॅशचा झोत मात्र पूर्ण शक्तीवर साधारणतः १/१००० सेकंदाच्या आसपास आणि अल्प शक्तीवर १/१०,००० सेकंदाहूनही कमी काळ टिकतो. हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट याच तत्त्वावर साधला होता. अशा वेळी हालचाल गोठवण्याचे काम शटर करत नाही, झोत करतो. अर्थात सभोवतालचा प्रकाश पुरेसा मंद असेल तरच हे खरे. भर उन्हात १/२०० सेकंदावर घेतलेल्या चित्रात फ्लॅशच्या स्पष्ट प्रतिमेभोवती उन्हाची पुसट दुसरी प्रतिमा उमटते.

शक्तीचा हिशेब

फ्लॅशची शक्ती गाइड नंबरने सांगितली जाते. आयएसओ १०० वर या अंकास मीटरमधील अंतराने भागले की योग्य छिद्रांक मिळतो. गाइड नंबर १० असलेला लहानसा फ्लॅश विषयापासून १० सेंटिमीटरवर ठेवला तर उत्तर एफ/१०० येते. गरज एफ/२२ ची आहे. म्हणजे प्रकाश गरजेच्या सुमारे २० पट झाला. चांगला डिफ्यूजर यातील चार ते आठ पट प्रकाश खातो, तरीही काम भागते. इतक्या कमी अंतरावर फ्लॅश बिंदुस्रोत राहत नसल्याने हा हिशेब स्थूलच समजावा.

मग गाइड नंबर ४० चा मोठा फ्लॅश घ्यावा काय? त्याच जागी तो गरजेच्या सुमारे ३३० पट प्रकाश देतो आणि आठपट प्रकाश खाणाऱ्या डिफ्यूजरसह त्याला १/४० च्या जवळपास शक्तीवरच चालवावे लागते. त्याचा लाभ प्रकाशात नव्हे, वेगात आहे. झोत अतिशय अल्पकाळ टिकतो, धारित्रातील थोडीच ऊर्जा खर्च होते आणि पुढचा झोत जवळपास लगेच तयार होतो. स्पष्टतेचा पट्टा किंचित सरकवत अनेक चित्रे घेऊन ती नंतर जोडायची असतील, तर हा गुण मोलाचा ठरतो.

साधनांचे प्रकार

कॅमेऱ्यातील अंगभूत फ्लॅश निकट अंतरावर बहुधा निरुपयोगी असतो. भिंगाची सावलीच विषयावर पडते.

रिंग फ्लॅश भिंगाच्या तोंडाभोवती कड्यासारखा बसतो. १९५२ मध्ये लेस्टर डाइन यांनी तो दंतचिकित्सेतील छायाचित्रणासाठी तयार केला. तोंडाच्या पोकळीत सावली न पडता सर्व बाजूंनी सारखा प्रकाश जावा, हा त्यामागील हेतू होता. दंतवैद्यक, त्वचारोग आणि न्यायवैद्यक नोंदींसाठी तो आजही योग्य आहे. निसर्गविषयांच्या बाबतीत मात्र हाच गुण दोष ठरू शकतो. सावली नसल्याने विषय सपाट दिसतो आणि ढालकिड्यासारख्या चकचकीत पाठीवर पांढरे कडे उमटते. कास पठारावर आढळणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या प्रत्येक चिकट थेंबात तेच कडे दिसू लागले, की वनस्पतीऐवजी फ्लॅशचेच चित्र काढल्यासारखे वाटते.

जुळ्या फ्लॅशमध्ये भिंगाच्या दोन बाजूंना दोन लहान दिवे असतात आणि त्यांची शक्ती वेगवेगळी ठेवता येते. एका बाजूचा प्रकाश प्रखर व दुसरीचा मंद ठेवला की आकाराला गोलाई येते. निकॉनचा आर१सी१ संच आणि कॅननचे एमटी-२४ईएक्स व एमटी-२६ईएक्स-आरटी हे या प्रकारातील परिचित नमुने होत. किंमत अधिक आणि डिफ्यूजर वेगळा लावावाच लागतो, या त्यांच्या मर्यादा आहेत.

कॅमेऱ्यावरचा सर्वसाधारण फ्लॅश, म्हणजे स्पीडलाइट, हा विद्यार्थ्यांसाठी सर्वांत समंजस पर्याय म्हणता येईल. तो डोके वळवून किंवा कंस व तारेच्या साहाय्याने भिंगाच्या पुढे आणता येतो आणि एरवी इतर छायाचित्रणासाठीही उपयोगी पडतो. याउलट ‘मॅक्रो रिंग लाइट’ म्हणून स्वस्तात विकली जाणारी एलईडीची कडी पुष्कळदा फ्लॅश नसतातच. त्यांचा प्रकाश अखंड पण मंद असतो, त्यामुळे त्या हालचाल गोठवू शकत नाहीत. स्थिर नाण्यासाठी ठीक, चालत्या मुंगीसाठी नाही.

डिफ्यूजर

प्रकाश मृदू की कठोर हे स्रोताच्या प्रत्यक्ष आकारावर नव्हे, तर विषयाच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो यावर अवलंबून असते. १० सेंटिमीटर रुंदीचा पडदा टाचणीपासून ५ सेंटिमीटरवर असेल तर तिच्या दृष्टीने ते अर्धे आकाश असते. तोच पडदा अर्ध्या मीटरवर गेला की उघड्या दिव्यापेक्षा फारसा वेगळा राहत नाही. म्हणून महागड्या फ्लॅशला लावलेली छोटी पांढरी टोपी फारसे काही साधत नाही, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचा विषयावर झुकलेला घरगुती डिफ्यूजर मात्र उत्तम चित्र देतो. फ्लॅश व पडदा यांत काही अंतर हवे, नाहीतर मधोमध प्रखर डाग पडतो. पिवळसर पडलेले प्लॅस्टिक चित्रालाही पिवळी झाक देते.

पडद्याला जागा मिळावी म्हणून भिंगाचे कार्यांतर, म्हणजे भिंगाचे टोक आणि विषय यांमधील अंतर, आधी तपासणे आवश्यक असते. १०० मिमीच्या नेहमीच्या मॅक्रो भिंगास १:१ वर साधारण १३ ते १५ सेंटिमीटर मिळतात. कॅननच्या एमपी-ई ६५ मिमी भिंगास पाचपट विवर्धनावर जेमतेम ४ सेंटिमीटर.

व्यस्त वर्गाच्या नियमामुळे पार्श्वभूमी काळी येणे ही निकट फ्लॅशची नेहमीची तक्रार आहे. विषय फ्लॅशपासून १० सेंटिमीटरवर आणि मागची झाडी एक मीटरवर असेल, तर झाडीवर प्रकाश शंभर पटींनी कमी पडतो. मागे जवळच एखादे पान आणणे किंवा आयएसओ वाढवून नैसर्गिक प्रकाशाला वाव देणे, हे यावरील साधे उपाय होत.

सुसंगतता, जुनी साधने आणि सुरक्षितता

टीटीएल पद्धतीत कॅमेरा स्वतःच झोताची शक्ती ठरवतो. प्रत्येक कंपनीची यासाठीची पद्धत वेगळी असल्याने फ्लॅश आपल्या कॅमेऱ्यासाठीचाच असावा लागतो. पांढऱ्या पाकळीवरील पांढरा कोळी या पद्धतीला चकवतो आणि करडा उमटतो. अंतर जवळजवळ कायम असल्यामुळे मॅक्रोमध्ये शक्ती हाताने ठरवणे अवघड नसते. दोन-तीन चाचणी चित्रांत ती सापडते. म्हणूनच टीटीएल नसलेला स्वस्त फ्लॅशही चालतो.

तथापि फिल्मच्या काळातील वापरलेला फ्लॅश घेताना सावधगिरी हवी. त्यांतील काहींच्या ट्रिगरवर दोनशेहून अधिक व्होल्ट दाब असतो, तर आयएसओ १०३३० या मानकानुसार कॅमेऱ्याने २४ व्होल्टपर्यंतचा दाब सहन करणे अपेक्षित आहे. काहीशे रुपयांची बचत कॅमेऱ्याच्या सर्किटवर बेतू शकते. फ्लॅश चार्ज करून चालू ठेवावा, मल्टिमीटरने त्याच्या तळाचा मधला संपर्कबिंदू व कडा यांतील दाब मोजावा, आणि तो अधिक निघाल्यास कॅमेऱ्याला थेट न जोडता रेडिओ ट्रिगरने चालवावा. मात्र त्या ट्रिगरची दाबमर्यादाही पाहून घ्यावी. फ्लॅश उघडून दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. सेल काढल्यानंतरही त्यातील धारित्रात सुमारे ३०० व्होल्टचा भार बराच काळ टिकून राहतो आणि त्याचा धक्का गंभीर असतो.