पाय रोवून झुकणारी अक्षरे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर जाहिरातींची दाटी झाली. लॉटरी, नाटके, लिलाव, सगळ्यांचे कागद एकमेकांना खेटून. पुस्तकांसाठी घडवलेले नाजूक टाईप त्या गर्दीत उठून दिसेनात. रोमन अक्षराच्या टोकांना जी छोटी आडवी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. टाईप ओतणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५च्या सुमारास हीच रेघ अक्षराच्या दांड्याइतकी जाड केली. हा स्लॅब सेरिफ. युरोपात तेव्हा इजिप्तचे वेड होते, त्यामुळे असे टाईप ‘इजिप्शियन’ या नावानेही खपले.

१८४५ साली रॉबर्ट बेस्लीच्या फॅन स्ट्रीट कारखान्यातून ‘क्लॅरेंडन’ आला. साध्या मजकुरात एखादा शब्द, उदाहरणार्थ कोशातला मुख्य शब्द, ठळक उमटावा हे त्याचे काम. बेस्लीने त्याची कायदेशीर नोंदणी केली. संरक्षण तीनच वर्षांचे होते. मुदत सरताच नकलांचा पूर आला.

तिरक्या अक्षराचे, म्हणजे इटॅलिकचे, घराणे अगदी वेगळे. व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसने १५०१ साली छोट्या आकाराची पुस्तके या वळणात छापली. मूळ वळण हस्ताक्षराचे, खिळे फ्रान्चेस्को ग्रिफोचे. एक अक्षर लेखणीच्या ओघातून आलेले, दुसरे ठोकळ्यासारखे ठाम. ठळक तिरक्या स्लॅबमध्ये दोघांना एकत्र नांदवायचे असते.

त्याचे मार्ग दोन. मोनोटाइपच्या ‘रॉकवेल’चे (१९३४) इटॅलिक मुख्यतः सरळ अक्षर कलते करून बनले आहे. ते कणखर दिसते, पण फारसे प्रवाही नाही. डच रचनाकार पीटर मॅथियास नूर्डझाय यांनी ‘सेसिलिया’त (१९९०) इटॅलिकला लेखणीचे वळण दिले, किंडलच्या सुरुवातीच्या यंत्रांवर वाचकांसमोर येई तो हाच टाईप.

अक्षर ठळक केले की अडचणी वाढतात. ‘ए’ आणि ‘ई’च्या पोटातली मोकळी जागा बुजू लागते, शेजारच्या अक्षरांचे जाड पाय एकमेकांना भिडतात. सरळ अक्षर नुसते कलते केले तर गोल ‘ओ’ची जाडी ठिकठिकाणी बदलते, ती हाताने दुरुस्त करावी लागते.

म्हणूनच हा टाईप थोडक्या शब्दांत शोभतो: मासिकाचा मथळा, चौकटीतले वाक्य, खेळाच्या सामन्याचे पोस्टर, वेष्टनावरचे नाव. पानभर मजकूर त्यात लावला तर डोळे शिणतात, आणि सगळेच ठळक असल्यावर जोर कशावर आहे तेही कळत नाही.

मराठी मांडणीकारालाही हा पेच ओळखीचा आहे. देवनागरीत स्वतंत्र इटॅलिकची परंपरा नाही. मथळ्यांतले तिरके अक्षर बहुधा संगणकावर कलते केलेले असते. त्यात काना झुकतो, पण शिरोरेघ आडवीच राहते. स्लॅबमध्येही दांडा झुकतो आणि जाड पाय जमिनीला समांतर राहतात.