अंगावर मूठभर मांस, तेही फुकटात!

लोकलचा लेडीज डबा. चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली तुम्ही. समोरची अनोळखी बाई पुढे झुकून म्हणते, "कानातले काय गोड आहेत हो तुमचे!" तुमच्या तोंडून आपसूक निघतं, "अहो, गाडीतच घेतले. पन्नासला दोन जोड!" वरवर हिशेब सांगता, पण आतून अंगावर मूठभर मांस चढलेलं असतं. ओळखीचा माणूस स्तुती करायला लागला की आधी वाटतं, हा हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय, आता काहीतरी मागणार. या बाईला मात्र तुमच्याकडून काहीच नको असतं. दादरला ती उतरून जाणार असते. म्हणून तर तिचं बोलणं दिवसभर पुरतं. अशा फुकटच्या आनंदाबद्दलच्या या काही चटपटीत गोष्टी.

शाबास म्हणजे आशीर्वाद!
'शाबास' हा मूळचा फारसी 'शाद बाश'. अर्थ: आनंदी राहा. म्हणजे पाठीवर थाप मारून 'शाबास' म्हणणारा प्रत्येक जण नकळत आशीर्वादच देत असतो.

दाद कोर्टातली, दाद मैफलीतली
फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. म्हणून कोर्टात आपण दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. कोर्टात ती मिळायला वर्षं लागतात. मैफलीत मात्र समेवर मान डोलली की निकाल लागला.

आधी कुतूहल, मग कौतुक
संस्कृतात 'कौतुक' म्हणजे कुतूहल. लग्नात हातात बांधायच्या मंगलसूत्रालाही, म्हणजे मंगल धाग्यालाही, कौतुकच म्हणत. मराठीत त्याची प्रशंसा झाली. जुना अर्थ पुरता पुसलेला नाही, कारण आपलं सर्वांत मनापासूनचं कौतुक आजही प्रश्नाच्याच रूपात येतं: "अय्या, साडी कुठून घेतलीत?"

स्तुती आणि तीट
बाळ फारच गोड असेल तर आपण म्हणतो, "दृष्ट लागेल गं!" लगेच गालावर तीट आणि संध्याकाळी मीठ-मोहऱ्या. कौतुक करायचं आणि त्यावरचा उताराही आपणच सांगायचा!

बोलणाऱ्याचा अंदाज चुकतो
एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स या अमेरिकी संशोधकांनी लोकांना अनोळखी माणसांचं कौतुक करायला पाठवलं. जाण्याआधी विचारलं, समोरच्याला कसं वाटेल? त्यांना वाटलं होतं, तो थोडासाच खूश होईल, कदाचित वैतागेलही. प्रत्यक्षात समोरची माणसं अंदाजापेक्षा बरीच जास्त खूश झाली. २०२१ साली छापून आलेल्या या अभ्यासाचं सार एवढंच: जीभ अडते ती आपल्या संकोचापायी, समोरच्याच्या कपाळावरच्या आठीपायी नव्हे.

मेंदूचा गल्ला एकच
जपानी संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की पैसे मिळाल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच आपल्याबद्दल चांगलं ऐकल्यावरही जागा होतो. पुढे २०१२ साली ४८ जणांना कळफलकावर बोटं चालवायचा एक क्रम शिकवला. ज्यांना शाबासकी मिळाली, त्यांची बोटं दुसऱ्या दिवशी इतरांपेक्षा सफाईने चालली. आपल्या मास्तरांना हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

पाच विशेषणं पुरतात
कौतुक करायला कवी असावं लागत नाही. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन यांनी अमेरिकेत रोजच्या बोलण्यातली ६८६ कौतुकं टिपली आणि त्यांचा अभ्यास १९८१ साली छापला. विशेषण वापरलेल्या कौतुकांपैकी दोन तृतीयांश कौतुकांत तीच ती पाच विशेषणं! आपलंही 'छान', 'मस्त', 'भारी', 'झकास' यांवर आयुष्य निघतं. कोल्हापूरकर असाल तर 'नाद खुळा' आहेच.

पुरुषांची कंजुषी
न्यूझीलंडमध्ये भाषाशास्त्रज्ञ जॅनेट होम्स यांनी ४८४ कौतुकं तपासली. पुरुषाने पुरुषाचं केलेलं कौतुक त्यात जेमतेम ९ टक्के! तेव्हा मंडळी, पुढच्या सिग्नलला शेजारच्या बुलेटवाल्याला "गाडी एक नंबर ठेवलीय" म्हणून पाहा. हेल्मेटच्या आतलं हसू डोळ्यांत दिसेल.

स्तुतीची लक्ष्मणरेषा
स्पेनमध्ये रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रीला उद्देशून केलेल्या स्तुतीला 'पिरोपो' म्हणतात. ती इतकी अंगावर यायला लागली की १९२८ च्या दंडसंहितेत तिला शिक्षा आली. यावर साधा तोडगा असा: माणसाने निवडलेल्या किंवा केलेल्या गोष्टीचं कौतुक करा. छत्रीचं, रांगोळीचं, पोह्यांचं. शरीरावर टिप्पणी नको, आणि बोलून झालं की रेंगाळायचंही नाही.

आता उत्तराचं काय?
इथे आपली खरी पंचाईत. "छे हो, जुनाच आहे", "सेलमधला आहे", "कसलं काय!" चिनी माणूसही पूर्वापार आपल्यासारखाच. कौतुक झालं की म्हणतो, "नाली, नाली." शब्दशः अर्थ: कुठे, कुठे?

इराणी माणसाकडे मात्र यावर झकास तोड आहे. सुंदर म्हटलं की तो म्हणतो, "तुमचे डोळेच सुंदर पाहतात." शाबास, दाद, वाहवा हे सगळं आपण फारसीतून आणलं, जोडीचं हे उत्तर तेवढं आणायचं राहून गेलं.

ते उद्या आणू या. कुणी कानातल्यांना गोड म्हणालं, तर पन्नासला दोन जोडांचा हिशेब गिळायचा आणि म्हणायचं, "नजर छान आहे हो तुमची!" दादर येईपर्यंत दोघींच्याही अंगावर मूठभर मांस. चौथ्या सीटवर जागा थोडी कमी पडेल, एवढंच.