घर नंतर, जमीन आधी

ब्यूफर्टमधल्या जुन्या घरांत शिरायचं तर आधी पायऱ्या चढाव्या लागतात. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं हे गाव १७११ साली वसलं. काही घरांची जोती 'टॅबी'ची आहेत. कालवांचे शिंपले जाळून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले कालवून हे मिश्रण करत. गिलावा गळून पडलेल्या भिंतीवरून हात फिरवला की शिंपल्यांच्या कडा बोटांना लागतात. वर लांब पडवी, दक्षिणेचं वारं अंगावर यावं अशी. जोतं उंच, कारण खाली ओल आणि समोर खाजण. तिथं दिवसातून दोनदा सुमारे सात फुटांची भरती येते. २७ ऑगस्ट १८९३च्या वादळात आसपासच्या बेटांवर दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, असं मानतात.

आज अटलांटा किंवा शार्लटमधली नोकरी संपवून किनाऱ्याला घर शोधणाऱ्याला एजंट आधी पडवी दाखवतो, मग ओकची झाडं आणि त्यांवर लोंबणारं करडं शेवाळ. आपण मात्र पूरनकाशा मागावा. त्यावर 'एई १०' लिहिलं असेल, तर दरवर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराचं पाणी तिथं नकाशाच्या शून्य पातळीपासून दहा फुटांवर येईल, असा अर्थ. एक टक्का म्हणजे किरकोळ वाटतं. पण तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ते २६ टक्क्यांवर जातं. म्हणून विकणाऱ्याकडे उंचीचा दाखला मागायचा आणि राहत्या मजल्याची जमीन त्या दहा फुटांच्या किती वर आहे, ते पाहायचं.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. १९६८पासून चालत आलेली सरकारी पूरविमा योजना घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर देते. विमा कर्जाच्या व्यवहाराबरोबर घेतलेला नसेल, तर तो साधारणतः तीस दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. चक्रीवादळाच्या वाऱ्यानं झालेल्या नुकसानीत पहिला वाटा आपला, आणि तो बऱ्याचदा टक्केवारीत असतो. चार लाखांचा विमा आणि पाच टक्के वाटा असेल, तर छप्पर उडाल्यावर पहिले वीस हजार डॉलर आपल्याच खिशातून जातात.

उंचीनंतरचा प्रश्न मालकीचा. रॉबर्ट स्मॉल्स यांचा जन्म ब्यूफर्टमध्येच, गुलामगिरीत झाला. यादवी युद्धाच्या काळात करापायी लिलावात निघालेलं आपल्या जुन्या मालकाचं घर त्यांनी विकत घेतलं. त्यावर दावा लागला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ साली स्मॉल्स जिंकले. शेजारच्या सेंट हेलेना बेटावर मुक्त झालेल्या कितीतरी कुटुंबांनी जमिनी घेतल्या, पण मृत्युपत्रं केली नाहीत. पिढ्या उलटल्या आणि एकेका तुकड्याला डझनावारी वारस झाले. कोकणातला सामाईक सातबारा पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की तिथं बाहेरच्यांनी एखाद्या वारसाचा हिस्सा घ्यायचा आणि कोर्टाकडून अख्ख्या जमिनीची विक्री करवून आणायची, असं वर्षानुवर्षं चाललं. घरंदारं गेली. स्वस्तात मिळतोय म्हणून असा हिस्सा घेऊ नये. आपल्यालाही वाद लागतो आणि दुसऱ्याचं गाव उठतं. या राज्यात खरेदीखत वकिलाच्या देखरेखीखालीच व्हावं लागतं. त्याला फी द्यायचीच आहे, तर मालकीचा इतिहास नीट तपासून घ्यावा.

अलाबामातल्या फेअरहोपची तऱ्हा आणखी वेगळी. अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या विचारांनी भारलेल्या मंडळींनी १८९४ साली ही वसाहत स्थापली. जमिनीचं मोल सगळ्यांमुळे वाढतं, तेव्हा ती कुणा एकाची असू नये, असं त्यांचं म्हणणं. तिथली पुष्कळ जमीन अजून त्या संस्थेकडेच आहे. घर आपलं, खालची जमीन नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. सिडकोचा भाडेपट्टा ठाऊक असलेल्या नवी मुंबईकराला हे लगेच उमगेल.

कागद पाहून झाले, की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा एक दिवस निवडा. भरतीच्या वेळी त्या गल्लीच्या टोकाला उभे राहा आणि मागच्या वादळात पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्याला विचारा. ऊन असताना रस्त्यावर खारं पाणी दिसलं, तर पडवी कितीही देखणी असो, गाडी वळवा.