संगणकास वीजपुरवठा किती वॅटचा घ्यावा?

सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं संगणक घेतांना जी चर्चा होते, ती बहुधा प्रोसेसर कोणता, स्मृति किती आणि पडदा केवढा या तीन प्रश्नांभोंवतीं फिरत असते. या सर्वांना अन्न पुरविणारी जी लोखंडी पेटी कॅबिनेटच्या कोपऱ्यांत बसलेली असते, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, तिची निवड मात्र दुकानदाराच्या मर्जीवर सोपविली जाते. मग तो आपल्या स्वभावानुसार दोहोंपैकीं एक करतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेली पेटी आंत बसवून देतो, किंवा 'पुढेंमागें लागेल' असें म्हणून दुप्पट शक्तीची महाग पेटी गळ्यांत बांधतो. पहिल्यानें यंत्र धोक्यांत येतें, दुसऱ्यानें पैसा जातो. वस्तुतः बेरीज-गुणाकार येणाऱ्या कोणाही गृहस्थास अगर गृहिणीस हा हिशेब घरीं बसून करतां येण्यासारखा आहे.

आधीं त्या पेटीचें काम पाहूं. भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदास ५० आवर्तनें करणारी. संगणकाच्या अवयवांस मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते. हें रूपांतर ती पेटी करते. तिच्यावर छापलेला वॅटचा आकडा म्हणजे ती एका वेळीं जास्तींत जास्त किती शक्ति पुरवूं शकेल याची मर्यादा. ती सदोदित तेवढी वीज खाते असा त्याचा अर्थ नव्हे. आमच्या थोरल्या बंधूंनीं नातवाच्या ५५० वॅटच्या पेटीस याच गैरसमजानें आठ दिवस विरोध केला. "५५० वॅट म्हणजे अर्धी शेगडीच कीं! बिल कोण भरणार?" असा त्यांचा सवाल. शेवटीं वहिनींनींच तो निकालांत काढला. "अहो, घरांत पन्नास पानांचें पातेलें आहे, म्हणून रोज पन्नास पानांचा भात का शिजतो?" या एका वाक्यापुढें माझें व्होल्ट-अँपिअरवरील व्याख्यान अगदींच फिकें पडलें.

तर आतां पानें मोजूं. उदाहरणादाखल इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर घेऊं. त्याच्या नांवापुढें ६५ वॅट असा आकडा असतो व पुष्कळजण तोच हिशेबांत धरतात. परंतु काम वाढलें कीं तो ११७ वॅटपर्यंत जातो, हें खुद्द कंपनीनेंच जाहीर केलेलें आहे. बेरजेंत ११७ च धरावे. मदरबोर्डास ४०, स्मृतीच्या दोन पट्ट्यांस १०, एसएसडीस ८, फिरती हार्डडिस्क असल्यास तीस १० व पंख्यांस १० असें ढोबळ मान धरलें, तर बेरीज १९५ होते. पत्रव्यवहार, जमाखर्च, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठीं याहून अधिक लागत नाहीं. आणि हे सर्व अवयव एकाच क्षणीं पूर्ण ताकदीनें क्वचितच चालतात. अशा घरास ३५० ते ४५० वॅटची चांगली पेटी भरपूर झाली.

खेळ, वास्तुशास्त्राचीं रेखाटनें किंवा चलच्चित्रांचें संपादन यांसाठीं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आलें, कीं हिशेब पालटतो. एनव्हिडियाचें आरटीएक्स ४०६० हें कार्ड ११५ वॅट घेतें. बेरीज ३१० झाली. त्याच कंपनीचें ४०९० घ्याल तर एकटें कार्डच ४५० वॅटचें, आणि ५०९० हें ५७५ वॅटचें. तेथें ८५० किंवा १००० वॅटची पेटी ही चैन नसून गरज आहे. पण ज्या घरांत तसलें कार्ड येण्याचा संभवच नाहीं, तेथें १००० वॅटची पेटी घेणें म्हणजे दोघांच्या बिऱ्हाडास मंगलकार्यालयाचीं भांडीं आणणें होय.

बेरजेइतकीच पेटी मात्र घेऊं नये. पंक्तीला ऐनवेळीं चार पानें वाढतात हें आपणांस ठाऊक आहेच. ग्राफिक्स कार्डेंही सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरती एकदम कितीतरी अधिक मागणी करतात. पेटीस ती पेलली नाहीं तर यंत्र न सांगतां बंद पडतें. म्हणूनच २०२२ सालच्या एटीएक्स ३.० या मानकांत, मोठ्या पेट्यांनीं क्षणमात्र दुप्पट भारही सोसला पाहिजे असा दंडक घातला गेला. शिवाय उष्णतेचा प्रश्न आहे. कांहीं पेट्यांचा आकडा २५ अंश उष्णतामानावर मोजलेला असतो, तर कांहींचा ४० किंवा ५० अंशांवर. नागपूर-अकोल्याकडील वैशाखांत, बंद कॅबिनेटच्या पोटांत, तो पहिला आकडा काय कामाचा? बेरजेच्या दीडपट ते पावणेदोनपट हें प्रमाण मला योग्य वाटतें. ३१० ची दीडपट ४६५, पावणेदोनपट सुमारें ५४०. म्हणजे ५०० किंवा ५५० ची पेटी. एनव्हिडियाही या कार्डासाठीं ५५० चाच सल्ला देते.

एवढें करूनही केवळ ठळक आकड्यावर विसंबूं नये. शितावरून भाताची परीक्षा करण्याचा स्थालीपुलाकन्याय येथें लागू पडत नाहीं. पेटीच्या कुशीवर एक तक्ता चिकटविलेला असतो. त्यांत १२ व्होल्टच्या रकान्यांत अँपिअर किती आहेत तें पाहावें, कारण प्रोसेसर आणि कार्ड हीं दोन्हीं मुख्यत्वें याच पंक्तीला जेवतात. अँपिअरांस १२ नें गुणिलें कीं त्या पंक्तीचे वॅट मिळतात. ३८ अँपिअर असतील तर ४५६ वॅट. ५०० च्या पेटीस हें शोभतें. पण वर '४५०' असे मोठे अंक आणि तक्त्यांत १२ व्होल्टवर अवघे १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट, असें असेल तर तो आकडा फुगविलेला आहे असें खुशाल समजावें. माझ्या एका भाचीच्या यंत्रांत असलीच पेटी निघाली. वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचें तिचें रेखाटन रात्रीं तयार होत असतां यंत्र तीनदां बंद पडलें, आणि चौथ्या खेपेस पेटी जळाली ती मदरबोर्डास बरोबर घेऊन. दुकानदारानें ती कॅबिनेटसोबत फुकट दिली होती! चांगली पेटी अशा वेळीं स्वतः बंद होऊन बाकीच्यांस वांचविते. खरी किंमत त्या गुणाची असते.

'८० प्लस' या प्रमाणपत्राविषयीं मुलें फार बोलतात. घेतलेल्या विजेपैकीं किती भाग कामीं येतो याची ती कसोटी आहे. ११५ व्होल्टच्या चाचणींत अर्ध्या भारावर ब्राँझ पेटीस ८५ टक्के, तर गोल्ड पेटीस ९० टक्के गांठावे लागतात. ८० वॅटचा भार रोज पांच तास धरला, तर या दोहोंतील फरक वर्षाकाठीं दहा युनिटांहूनही कमी भरतो. तेव्हां बिल वांचेल म्हणून गोल्ड घेण्यांत अर्थ नाहीं. त्यापेक्षां हमी किती वर्षांची तें विचारावें. पांच, सात, दहा वर्षांची हमी देणाऱ्यास आपल्या मालाचा कांहीं भरंवसा असतो.

घरीं यूपीएस असल्यास तीही याच हिशेबांत आली पाहिजे. ६०० व्हीए असें लिहिलेली यूपीएस बहुधा ३६० वॅटच देते. वरील ३१० च्या यंत्रास, पेटींत वाया जाणारी वीज धरून, भिंतींतून सुमारें ३५० लागतात. त्यांत पडद्याचे ३० मिळविले कीं ती अपुरी पडते. अशा यंत्रास १००० व्हीएच्या पुढील, व तीही वॅटचा आकडा वाचूनच घ्यावी.

पेटी बदलावयाची झाल्यास दोन गोष्टी सांभाळाव्या. बटण बंद करून तारा काढल्या तरी तिच्या आंतील कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाब कांहीं वेळ टिकून असतो, म्हणून ती उघडण्याचा खटाटोप मुलांना करूं देऊं नये. आणि सुट्या तारांची पेटी असेल तर जुन्या पेटीच्या तारा नवीस जोडूं नयेत. टोकें जुळतात, पण पेटीकडील बाजूच्या तारांचा क्रम कंपनीगणिक, कधीं एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांतही, निराळा असतो, आणि १२ व्होल्ट ५ च्या जागीं गेले कीं डिस्कवरील सर्व मजकूर एका क्षणांत जाऊं शकतो.